नौरूचे फॉस्फेट आणि समुद्राची ऊब

पॅसिफिक महासागरातले नौरू हे बेट अवघे २१ चौरस किलोमीटरांचे. १९०७ पासून तेथील फॉस्फेट खणले जाऊ लागले आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांना खत म्हणून जाऊ लागले. खणणारे हात बहुतेक चिनी आणि गिल्बर्ट बेटांवरच्या कंत्राटी मजुरांचे. अशा उद्योगांचा इतिहास सांगताना हे हात नेमके विसरले जातात, म्हणून आधी त्यांचा उल्लेख केला. पुढे युद्धात, १९४३ साली, जपानी सैन्याने सुमारे १२०० नौरूवासी त्रुक बेटांवर वेठीला नेले. १९४६ साली परत आले ते ७३७! १९६८ साली बेट स्वतंत्र झाले, १९७० साली खाणीही हाती आल्या. तोवर जमीन बरीच खरवडली गेली होती.

आता समुद्राकडे वळू. विषुववृत्तालगत वरचे पाणी बारमाही कोमट, पाचसहाशे मीटर खालचे थंडगार. या फरकातून शक्ती काढता येईल, हे दार्सोन्व्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८१ सालीच मांडले होते. कोमट पाण्याने लवकर उकळणाऱ्या द्रवाची वाफ करायची, तिच्यावर चक्र फिरवायचे, गार पाण्याने ती पुन्हा निववायची. त्याचा शिष्य जॉर्ज क्लोद याने १९३० साली क्यूबात मातांझास येथे समुद्राचेच पाणी निर्वातात उकळवून वीज काढली. दोन नळ समुद्राने गिळले, तिसरा टिकला. वीज निघाली २२ किलोवॅट. यंत्राने स्वतःच त्याहून अधिक खाल्ली. व्याजात पगार जातो तो कसा, हे आपल्या चाळींत कोणाला सांगायला नको.

नौरूत १९८१ साली टोकियोच्या वीज कंपनीने असे प्रायोगिक केंद्र उभारले. ज्या देशाने माणसे नेली, त्याच देशाचे इंजिनिअर नळ घेऊन आले. निर्मिती १२० किलोवॅट. पंप वगैरे वजा जाता उरली ३१.५. त्यावर शाळेत दिवे लागले. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? मी तसे म्हणणार नाही. त्या बेटावरून आजवर सारे बाहेरच जात होते. ही वीज जागच्या जागी वापरली गेली. मात्र केंद्र प्रयोगापुरतेच होते. पुढे पुन्हा डिझेलच्या बोटीची वाट पाहणे आलेच.

आपल्या लक्षद्वीपात, कवरत्तीला, २००५ साली याच फरकावर दिवसाला एक लाख लिटर गोडे पाणी करणारा कारखाना सुरू झाला. त्याचे पंप चालत ते डिझेलच्या विजेवर. तीही वीज समुद्राच्याच उबेतून काढण्याचे काम तेथे हाती घेतले आहे.