किळस

किळस (जुगुप्सा, शिसारी) : दूषित, किंवा नुसता तसा वाटणारा पदार्थ तोंडाशी वा अंगाशी येऊ नये म्हणून माणसाला मागे खेचणारी भावना. नाक आक्रसते, वरचा ओठ उचलला जातो, मळमळते, कधी ओकारीही येते. नाट्यशास्त्रात जुगुप्सा हा बीभत्स रसाचा स्थायिभाव मानला असून अंग चोरणे, तोंड वाकडे करणे, थुंकणे हे अनुभाव सांगितले आहेत. चार्ल्स डार्विनने भावनांच्या आविष्कारावरील आपल्या ग्रंथात (१८७२) रेखाटलेला चेहरा याहून फारसा निराळा नाही.

त्याच ग्रंथात तिएरा देल फ्वेगोमधला एक प्रसंग आहे. डार्विन मुक्कामावर टिकवलेले थंड मांस खात होता. तिथल्या एका रहिवाशाने त्याला बोट लावून पाहिले आणि त्या लिबलिबीत स्पर्शाने त्याला शिसारी आली. शिसारी डार्विनलाही आली, पण ती परक्या माणसाचे बोट आपल्या अन्नाला लागल्याची. हात मळके दिसत नव्हते, हेही तो प्रांजळपणे नोंदवतो. पुढचा सगळा वाद या एका घासात आहे.

उत्क्रांतिवादी म्हणतात, किळस ही रोगापासूनची राखण. विष्ठा, पू, कुजके मांस, उवा यांना टाळणारे पूर्वज जगले. व्हॅलेरी कर्टिस व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छायाचित्रांच्या जोड्या दाखवून पाहिले, तेव्हा शरीरातून पाझरल्यासारखा दिसणारा द्रव लोकांना निळ्या द्रवापेक्षा अधिक किळसवाणा वाटला. मात्र रांगते मूल हाती लागेल ते खुशाल तोंडात घालते. ‘छी, घाण!’ हे त्याला घरच्यांनीच शिकवायचे असते. पॉल रोझिन यांनी निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ फळांच्या रसात बुडवून काढले, तरी तो रस लोकांना नकोसा झाला. धोका नव्हता, एकदा लागले ते लागलेच, हा मनाचा हिशेब.

हा हिशेब कशाला लावायचा, हे संस्कृती ठरवते. चुलीवर भाजल्या जाणाऱ्या सुक्या बोंबलाच्या वासाने एकाची भूक खवळते, तर दुसरा नाकाला पदर लावतो. इथवर हा आवडीनिवडीचा मामला. ‘उष्टे’, ‘सोवळे’, ‘विटाळ’ हे शब्द आले की तो माणसांवर येतो, आणि तिथे रोगाचे स्पष्टीकरण अपुरे पडते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्यायल्यावर सनातन्यांनी तळे ‘बाटले’ असे ठरवले आणि त्याच्या शुद्धीसाठी पाण्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळले. जनावरांना त्या तळ्यावर मज्जाव नव्हता. तळ्यासंबंधीच्या दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने दिला.