हृदयातला सार्कॉइडोसिस: 'दिसला' म्हणजे नक्की काय?

सार्कॉइडोसिसची पहिली ओळख त्वचेवरच्या चट्ट्यांमधून झाली. १८७७ मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी असा रुग्ण नोंदवला. १८९९ मध्ये नॉर्वेच्या सीझर बोक यांनी 'सार्कॉइड' हा शब्द वापरला. हृदयातल्या गाठींची नोंद व्हायला मात्र १९२९ उजाडलं. पुढे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात या आजाराच्या ८४ रुग्णांची शवविच्छेदनं तपासली, तर २३ जणांच्या हृदयात गाठी निघाल्या.

मग जिवंत माणसात हे ओळखायचं कसं? बायोप्सीत हृदयाचा चिमूटभर तुकडा घेतात. पण गाठी विखुरलेल्या असतात, त्यामुळे तुकडा बऱ्याचदा निरोगी भागातूनच येतो. गॅडोलिनियम देऊन केलेल्या एमआरआयमध्ये मुख्यतः व्रण उजळून दिसतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी, ग्लुकोजसारखं द्रव्य सुजेच्या जागी जमतं. पण निरोगी हृदयही ग्लुकोज वापरतंच! म्हणून आधी कर्बोदकं बंद, भरपूर स्निग्ध आहार आणि मग उपास.

जपानच्या २००६ च्या निकषांत एमआरआय दुय्यम होता, पेट नव्हताच. २०१६ च्या निकषांत दोन्ही मुख्य झाले. इथे जरा थांबा. रुग्ण कोण हे पेटवरूनच ठरवलं आणि मग पेट किती अचूक हे मोजलं, तर आकडा चांगलाच येणार ना? विद्यार्थ्यानेच स्वतःचा पेपर तपासल्यासारखं झालं ते.

त्यामुळे असा पेपर वाचताना अचूकतेच्या टक्केवारीआधी पद्धतीचा भाग उघडा. 'रुग्ण' कुणाला म्हटलंय आणि कोणत्या निकषांनी, ते बघा.