जोडीदार हवा होता

१९९२च्या ऑगस्टमध्ये बार्सिलोना ऑलिंपिक चालू होतं, तेव्हा आमच्या घरी रात्रीची जेवणं टीव्हीसमोरच व्हायची. भारताला त्या खेपेला एकही पदक मिळालं नाही. लिएंडर पेस आणि रमेश कृष्णन पुरुष दुहेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले, तेवढाच काय तो दिलासा. महिला दुहेरीचा निकाल मी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला. सुवर्णपदक अमेरिकेला, खेळाडू फर्नांडेझ आणि फर्नांडेझ. मला वाटलं, बहिणी असतील. चार ओळींची बातमी होती, तीत आणखी काही कळायला मार्ग नव्हता.

त्या बहिणी नव्हत्या, नात्यातल्याही नव्हत्या. मेरी जो फर्नांडेझचा जन्म डॉमिनिकन रिपब्लिकमधला आणि जीजी फर्नांडेझ पोर्तो रिकोची. कॅरिबियनमधले हे दोन्ही प्रदेश स्पॅनिश बोलणारे. समोर होत्या अरांथा सांचेझ आणि कोंचिता मार्टिनेझ, म्हणजे खुद्द स्पेनच्या मुली. सामना स्पेनमध्ये आणि प्रेक्षकांत स्पेनचे राजे हुआन कार्लोस. ज्या पोर्तो रिकोवर १८९८पर्यंत स्पेनचं राज्य होतं, तिथली मुलगी राजासमोर स्पेनला हरवते, ७-५, २-६, ६-२ असं. तिकडे सान हुआनमध्ये खरं तर दिवाळी व्हायला हवी होती. पण आनंदाबरोबर तिथे रागही होता, कारण विजयानंतर वर चढलेला झेंडा अमेरिकेचा होता.

हा राग समजून घ्यायचा तर त्या बेटाची गोष्ट थोडी सांगायला हवी. पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात आहे. तिथल्या लोकांना १९१७पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे. पण बेटावर राहणाऱ्याला अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. ना धड स्वतंत्र देश, ना धड राज्य. अशा बेटाची एक गोष्ट मात्र स्वतःची आहे, ती म्हणजे ऑलिंपिक समिती. १९४८पासून त्यांचा वेगळा संघ ऑलिंपिकला जातो, आता स्वतःच्या झेंड्याखाली. ज्यांना जगाच्या नकाशावर वेगळा रंग नाही, त्यांना त्या एका संचलनाचं किती अप्रूप असेल, हे आपण ओळखू शकतो.

जीजीचं खरं नाव बेआत्रिस. जन्म सान हुआनचा, २२ फेब्रुवारी १९६४. अमेरिकेतल्या क्लेम्सन विद्यापीठात शिकता शिकता ती १९८३मध्ये व्यावसायिक झाली. त्याआधी पोर्तो रिकोच्या झेंड्याखाली ती खेळलीही होती. डोकं गरम आणि रॅकेट आपटायची सवय. एकेरीत तिला सातत्य कधीच जमलं नाही. पण जाळ्याजवळ उभी राहिली, की तीच मुलगी वेगळी दिसायची.

मी स्वतः जिमखान्यावर वीसेक वर्षं दुहेरीच खेळलो, कारण वयाला तेच झेपतं. त्यामुळे आपण दुहेरीला म्हाताऱ्यांचा खेळ समजतो. पण वरच्या पातळीवर हे शास्त्र निराळं आहे. एकेरीत चेंडू परतवायला पाय लागतात. दुहेरीत परतवायला मोकळी जागाच कमी, कारण जाळ्याजवळ कुणीतरी टपून बसलेलं असतं. पहिले दोन-तीन फटके ठरवतात. आपला साथीदार आता कुठे सरकेल, हे मागे न बघता कळावं लागतं. जीजीला ते कळायचं. तरीही पैसा आणि पेपरातली जागा दोन्ही एकेरीला, दुहेरीला उरलंसुरलं. अजूनही फारसं वेगळं नाही.

१९८८मध्ये रॉबिन व्हाइटबरोबर ती अमेरिकन स्पर्धा जिंकली, १९९०मध्ये मार्टिना नवरातिलोवाबरोबर. १९९१च्या फ्रेंच स्पर्धेत जीजी आणि याना नोव्होत्नाने अंतिम सामन्यात सोव्हिएत जोडी सावचेंको-झ्वेरेवाला हरवलं. महिन्याभरात विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याच जोडीने परतफेड केली. पुढच्या वर्षी काय व्हावं? जीजी आणि नताशा झ्वेरेवा एकत्र आल्या! मागे उरलेल्या दोघींनीही जोडी जमवली आणि १९९२च्या विम्बल्डन व अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेऱ्यांत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. दोन्ही वेळा हरल्या.

नताशा मिन्स्कची. १९८८च्या फ्रेंच अंतिम सामन्यात स्टेफी ग्राफकडून ६-०, ६-० अशी हरलेली, तीच ही. सोव्हिएत खेळाडूंनी बक्षिसाची रक्कम सरकारी संघटनेकडे जमा करायची, हा तिथला शिरस्ता. १९८९मध्ये या मुलीने जाहीरपणे सांगितलं, पैसे आम्ही मिळवतो, ते आम्हाला मिळाले पाहिजेत. पुढे तिचा देशच मोडला. बार्सिलोनात ती जॉर्जियाच्या लैला मेस्खीबरोबर खेळली. बेलारूस आणि जॉर्जिया तोवर वेगळे देश झाले होते. पण त्या एका ऑलिंपिकसाठी त्यांचा ‘एकत्रित संघ’ होता. त्याने पाच कड्यांच्या झेंड्याखाली संचलन केलं आणि या दोघींनी ब्राँझ मिळवलं. याबद्दल नताशाला कुणी जाब विचारल्याचं ऐकिवात नाही. झेंडा तिच्या हातून काढून घेतला गेला होता. जीजीने तो निवडला होता, हाच काय तो फरक.

आणि निवडला तो का? उत्तर अगदी साधं आहे. दुहेरीत जोडीदार आपल्याच देशाचा लागतो, आणि पोर्तो रिकोत तिच्या तोडीची दुसरी मुलगी नव्हती. एकेरी खेळणारी असती तर तिला कुणाची गरज पडली नसती. आपल्या झेंड्याखाली गेली असती, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत हरून परत आली असती, आणि बेटावर कुणी नाव ठेवलं नसतं. ज्या कलेत ती जगात अव्वल होती, तीच तिला एकटीने करता येत नव्हती. मला तिची निवड चुकीची वाटत नाही. पण सान हुआनमध्ये बसून मी असंच म्हटलं असतं का, हे सांगणं कठीण.

नताशा आणि ती मिळून चौदा ग्रँड स्लॅम जिंकल्या. १९९२च्या फ्रेंच स्पर्धेपासून १९९३च्या विम्बल्डनपर्यंत ओळीने सहा. नवरातिलोवा आणि पॅम श्रायव्हर यांच्या वीस. त्यांच्याखालोखाल याच, आणि व्हीनस-सेरेना या विल्यम्स बहिणींच्याही चौदाच. १९९३ आणि १९९४, दोन्ही वर्षी पहिल्या तीन स्पर्धा जिंकून त्या न्यूयॉर्कला अडल्या. १९९४च्या विम्बल्डनला मात्र जीजीने वेगळाच चमत्कार केला. एकेरीत ९९वा क्रमांक असताना उपांत्य फेरी गाठली! तिथे तिला नवरातिलोवाने थांबवलं.

१९९६चा फ्रेंच अंतिम सामना ती मेरी जोविरुद्ध हरली, आणि दोन महिन्यांत अटलांटामध्ये त्याच मेरी जोबरोबर तिने पुन्हा ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. झेंडा पुन्हा अमेरिकेचाच. १९९७ संपताना ती निवृत्त झाली. २०१०मध्ये न्यूपोर्टच्या टेनिस हॉल ऑफ फेममध्ये तिचं आणि नताशाचं नाव एकाच दिवशी दाखल झालं.

मग २०१६ उजाडलं. रिओमध्ये मोनिका पुइग या बिगरमानांकित मुलीने अँजेलिक कर्बरला हरवून पोर्तो रिकोला त्याचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. बेटाचं गीत वाजलं, लोक रस्त्यावर आले, आणि चोवीस वर्षांपूर्वीचा वाद पुन्हा उकरला गेला, की पहिलं सुवर्ण नेमकं कुणाचं? जीजी तेव्हा बावन्न वर्षांची होती आणि हौशी खेळाडूंना दुहेरी शिकवत होती. मोनिका एकेरीत खेळली होती.