उपदंश आणि मुखारोग्य

उपदंश (सिफिलिस, लोकभाषेत 'गरमी') हा ट्रेपोनेमा पॅलिडम या मळसूत्राच्या आकाराच्या जंतूमुळे होणारा रोग आहे. तो मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरतो आणि गर्भवतीकडून तिच्या गर्भाला होतो. त्याची नोंद गुप्तरोगांत केली जाते आणि तोंडाचा उल्लेख जाता जाता येतो. वस्तुतः जननेंद्रिये व त्यांच्या लगतचा भाग सोडला, तर या रोगाचा पहिला व्रण सर्वाधिक वेळा तोंडातच आढळतो. तरीही तो निसटतो, कारण तोंडातल्या या जखमा औषधावाचून आपोआप भरून येतात. जखम भरली म्हणजे रोग गेला असे रुग्ण मानतो, पुष्कळदा डॉक्टरही मानतात. जंतू मात्र तोवर रक्तात शिरलेला असतो.

संसर्गानंतर 10 ते 90 दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, ओठावर, जिभेच्या टोकाला किंवा टॉन्सिलवर एकच व्रण उठतो. त्याच्या कडा उंच असतात, तळ स्वच्छ असतो आणि बोटाने चाचपल्यास तो टणक लागतो. जबड्याखालच्या गाठी सुजतात, पण दुखत नाहीत. तोंडातला व्रण इतर जंतूंच्या लागणीमुळे कधी दुखतो. तरी एरवी 'तोंड येते' तेव्हा होणारी आग त्यात नसते. रुग्ण जेल लावतो, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतो, तीन ते सहा आठवड्यांत व्रण भरतो आणि श्रेय गोळ्यांना मिळते. पुढे काही आठवड्यांनी दुसरी अवस्था येते. अंगावर, अनेकदा तळहातांवर व तळपायांवरही पुरळ उठते आणि गालांच्या आतून, जिभेवर, टाळूवर राखाडी-पांढरे, किंचित उंच चट्टे येतात. ते एकमेकांना मिळाले की गोगलगाय सरकून गेल्यावर उरावा तसा वेडावाकडा माग दिसतो. ओठांच्या कोपऱ्यात चिरलेल्या पुळ्या येतात. त्या जीवनसत्त्वांच्या अभावाच्या समजल्या जातात. या चट्ट्यांत जंतू खच्चून भरलेले असतात, म्हणून या काळात चुंबनातूनही लागण होऊ शकते. शरीराबाहेर जंतू फार टिकत नाही. त्यामुळे रुग्णाची ताटवाटी वेगळी ठेवण्याची गरज नाही. मात्र दंतवैद्याने हातमोजे घातलेच पाहिजेत. हे चट्टेही आपोआप जातात, आणि रोग कित्येक वर्षे शरीरात मुकाट राहतो.

उपचार न झालेल्या काहींना नंतर तिसरी अवस्था गाठते. 'गमा' नावाची गाठ कठीण टाळूवर येते, आतून कुजते आणि टाळूला आरपार भोक पडते. मग प्यायलेले पाणी नाकातून येते, बोलणे गेंगाणे होते आणि भोक बुजवायला शस्त्रक्रिया किंवा कृत्रिम टाळू लागते. जिभेवरचे बारीक उंचवटे झिजून ती गुळगुळीत, भेगाळ होते. अशा जिभेवर कर्करोग अधिक होतो असे जुने वैद्यक सांगे. पण त्या रुग्णांतले तंबाखूचे व्यसन आणि आर्सेनिकयुक्त औषधे बाजूला काढणे अवघड आहे.

औषधानेही तोंडाचे कमी नुकसान केले नाही. युरोपात शतकानुशतके पारा हाच इलाज होता. तोंडाला लाळेच्या धारा लागणे हे औषध लागू पडल्याचे चिन्ह मानले जाई. प्रत्यक्षात ती विषबाधा होती, हिरड्या सुजत आणि दात हलून पडत. भारतात सोळाव्या शतकात वैद्य भावमिश्रांनी आपल्या भावप्रकाश या ग्रंथात हा रोग 'फिरंग रोग' म्हणून वर्णिला आणि त्यावर रसकर्पूर हे पाऱ्याचे औषध सांगितले. ते कणकेच्या गोळीत घालून दातांना स्पर्श न होता गिळावे, म्हणजे तोंड सुजणार नाही, अशी सूचना त्यांनी दिली. धोका त्यांना दिसला होता, पण हाती दुसरे प्रभावी औषध नव्हते. 1943 मध्ये अमेरिकी डॉक्टर जॉन महोनी यांनी पेनिसिलीनने उपदंश बरा करून दाखवल्यावर पाऱ्याचे कारण उरले नाही.

मुलांच्या बाबतीत हा रोग सर्वांत कठोर आहे. कायमच्या पटाशीच्या दातांची आणि पहिल्या दाढांची घडण जन्माच्या आसपास सुरू होते, आणि गर्भातला संसर्ग नेमका त्यांच्या अंकुरांवर येतो. सहा-सात वर्षांनी ते दात उगवतात तेव्हा पटाशीचे दात टोकाकडे निमुळते आणि मध्ये खाच पडलेले असतात. दाढांचा माथा तुतीच्या फळासारखा गोळ्यागोळ्यांचा असतो. लंडनचे डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात खाचेच्या दातांची डोळ्यांच्या स्वच्छमंडलाच्या दाहाशी आणि बहिरेपणाशी सांगड घातली. अशा प्रत्येक मुलाचे दात खाचेचे नसतात आणि एनॅमल बिघडण्याची इतर कारणेही आहेत, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून दातांवरून शंका घ्यावी, निदान रक्तावरून करावे. मात्र बिघडलेली घडण नंतरचे पेनिसिलीन सुधारत नाही. हे दात वाचवायचे तर आईवर गरोदरपणीच, आणि तेही लवकर, उपचार व्हायला हवेत.

तोंडाच्या प्रत्येक व्रणामागे उपदंश शोधायचा का, असे विचारले जाईल. महाराष्ट्रात गुटखा, मावा, मिश्री यांचा वापर इतका आहे की न भरणाऱ्या व्रणाला आधी कर्करोगाची शंका घेणे योग्यच आहे. पण दोन आठवड्यांहून जुन्या व्रणाचा तुकडा तपासायला पाठवताना सोबत रक्ताची साधी, स्वस्त चाचणी केल्याने काहीच अडत नाही. उलट ती न केल्यास तुकड्याचा अहवाल नुसताच 'जुनाट दाह' असा येऊन रोग सुटू शकतो. तोंडातल्या स्रावाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी इथे भरवशाची नाही, कारण हिरड्यांत तशाच आकाराचे इतर जंतू मुळातच राहतात. व्हीडीआरएल ही रक्तचाचणी पहिल्या दिवसांत नकारात्मक येऊ शकते; शंका पक्की असेल तर ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी. दातदुखीसाठी दिलेल्या अमॉक्सिसिलीनने व्रण दबतो आणि चित्र आणखी धूसर होते.

अशी चाचणी सुचवणे रुग्णाला अपमानकारक वाटते, हा आक्षेप अधिक खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे माणूस पाहून नव्हे, व्रण पाहून चाचणी सांगणे. पतीकडून लागण झालेल्या पत्नीच्या चारित्र्याचा या रोगाशी काय संबंध? रोग दुर्मिळ झाला ही समजूतही चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2022 मध्ये 15 ते 49 वयोगटातील सुमारे 80 लाख लोकांना त्याची नव्याने लागण झाली. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलीनच्या 24 लाख युनिटांची एक मात्रा सहसा पुरते. जोडीदाराची तपासणीही लागते. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. न दुखणारा व्रण तोंडात उठून गेला असेल, तर तो भरला म्हणून थांबू नका. रक्त तपासून घ्या.