मुंबई विद्यापीठ आणि आपला वसई-पालघर परिसर : काय उपलब्ध आहे, काय मागायचे?

चिंचोटी, कामण, जूचंद्र भागातली मुले-मुली पदवीधर होतात तेव्हा त्यांच्या प्रमाणपत्रावर बहुतेक वेळा मुंबई विद्यापीठाचे नाव असते. पण कालिन्याच्या विद्यानगरीशी त्यांचा संबंध परीक्षा, निकाल आणि गुणपत्रिका यांच्यापलीकडे सहसा जात नाही. हे विद्यापीठ जनतेच्या पैशावर चालते. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे त्याचे कार्यक्षेत्र आहे. म्हणजे महामार्गालगतची आपली वस्ती आणि तुंगारेश्वरच्या पायथ्याचे आदिवासी पाडेही त्यात येतात. या परिसरासाठी विद्यापीठाने काय करायचे असते आणि ते मिळवायचे कसे, याची माहिती कार्यकर्त्यांकडे असायला हवी.

परीक्षा घेणारी संस्था ते संशोधन करणारे विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या या संस्थेचे सुरुवातीचे मुख्य काम परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच होते. विद्यापीठाचा स्वतःचा समाजशास्त्र विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. पुढे गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई असे अभ्यासक या परंपरेतून घडले. जात, आदिवासी, शेतकरी आणि झोपडपट्टी हे संशोधनाचे विषय होऊ शकतात, हे या विभागाने दाखवून दिले.

बाबासाहेबांची भूमिका

डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच विद्यापीठाचे पदवीधर. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना त्यांनी दोन मुद्दे ठामपणे मांडले. उच्च शिक्षण गरीब आणि गरजू माणसाच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत काम आहे, हा पहिला. विद्यापीठाच्या सिनेटवर मागासवर्गीयांचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत, हा दुसरा. पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. शिक्षण घ्यायचेच, आणि शिक्षणाचे निर्णय जिथे होतात तिथेही बसायचे, असा त्यांचा दुहेरी मार्ग होता. यातला पहिला भाग आपल्या लक्षात राहिला. दुसऱ्याकडे मात्र आपले दुर्लक्ष झाले.

वस्तीपर्यंत येणारे कार्यक्रम

१) राष्ट्रीय सेवा योजना (एन.एस.एस.) : १९६९ पासून देशभर चालते. स्वयंसेवक विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर होते. कोणते गाव दत्तक घ्यायचे हे महाविद्यालय ठरवते. म्हणून पाड्याच्या वतीने मागणीचे पत्र महाविद्यालयाकडेच द्यावे.

२) आजीवन अध्ययन व विस्तार विभाग : प्रौढ शिक्षणातून वाढलेला हा विभाग महाविद्यालयांमार्फत विद्यार्थ्यांकडून विस्तारकार्य करून घेतो. स्त्रियांच्या सामाजिक स्थितीचे सर्वेक्षण हा त्यातला एक प्रकल्प आहे.

३) क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग : २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवी अभ्यासक्रमात यासाठी श्रेयांक ठेवले आहेत. विद्यार्थ्याला विषय हवाच असतो, तो आपण सुचवावा. दहावीनंतर शाळा का सुटते, गाळे-गोदामांतल्या कामगारांना किमान वेतन मिळते का, वनहक्काचे दावे कुठे अडकले आहेत, जातीच्या दाखल्यासाठी किती फेऱ्या माराव्या लागतात, असे प्रश्न आपल्या आसपास भरपूर आहेत. मोर्चातल्या निवेदनाला घरोघरी जाऊन जमवलेल्या आकड्यांची जोड मिळाली, तर अधिकाऱ्याला ते बाजूला टाकणे जड जाते.

सोपारा : आपल्या दारातला अभ्यासविषय

चिंचोटीपासून नालासोपारा फार दूर नाही. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तिथल्या स्तूपाचे उत्खनन केले. स्तूपात अस्थिकरंडक मिळाला, आणि सोपाऱ्यातच सम्राट अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात मिळाला. बुद्धपौर्णिमेला आपण स्तूपावर जातो, वंदना घेतो. त्या मातीचा अभ्यास करणारे तरुण मात्र आपल्यातून पुढे यायला हवेत.

याचा एक नमुना शेजारीच आहे. वसई खाडीच्या पलीकडे, साष्टी बेटावर, मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाखालील पुरातत्त्व केंद्राने इतर संस्थांच्या सोबतीने सर्वेक्षण केले. गावे आणि गल्ल्या पायी हिंडून जुन्या मूर्ती, शिलालेख आणि अवशेषांची नोंद झाली. खाडीच्या अलीकडेही असे काम स्थानिक तरुणांना सोबत घेऊन व्हावे, ही मागणी आपण करू शकतो. पाली आणि बौद्ध अध्ययनाचे शिक्षणही विद्यापीठात आहे. ज्यांना रस आहे त्यांनी तिकडे वळावे.

निर्णय कुठे होतात?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

बृहत् आराखडा : नवी महाविद्यालये आणि अभ्यासक्रम कुठे हवेत, याचा पाच वर्षांचा आराखडा विद्यापीठाला करावा लागतो. सोयी नसलेल्या आणि अविकसित भागांचा त्यात विशेष विचार करणे बंधनकारक आहे. वसई पूर्वेचे आदिवासी पाडे, जव्हार, मोखाडा, विक्रमगड यांच्यासाठी हा कायदेशीर आधार आहे.

अधिसभा (सिनेट) : नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात. त्यांपैकी पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक अशा राखीव आहेत. सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत मतदार यादीत सुमारे १३ हजार पदवीधर होते. हे विद्यापीठ दरवर्षी लाखाच्या घरात पदव्या देते, हे लक्षात घेतले तर ही यादी किती तोकडी आहे ते कळते. राखीव जागेवर उमेदवार आपल्या प्रवर्गातला असला, तरी मत सगळेच नोंदणीकृत पदवीधर देतात. आपली नावेच यादीत नसतील तर तो उमेदवार कोणाला उत्तर देणार?

कार्यकर्त्यांसाठी कामाची यादी

– प्रत्येक बुद्धविहारात वस्तीतल्या पदवीधरांची यादी करा. पुढची पदवीधर नोंदणी जाहीर होताच सर्वांचे अर्ज भरून घ्या.
– जवळच्या महाविद्यालयातील एन.एस.एस. कार्यक्रम अधिकाऱ्यांना दत्तक वस्तीसाठी लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.
– वस्तीच्या पाच प्रश्नांची यादी करून समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी द्या.
– अभ्यास पूर्ण झाल्यावर त्याची प्रत विहारात ठेवा आणि वस्तीसमोर वाचून दाखवायला सांगा. माहिती आपली आहे, तर ती आपल्याकडे परत आलीच पाहिजे.
– बृहत् आराखड्याबाबतच्या सूचना लेखी पाठवा आणि त्याची प्रत अधिसभा सदस्यांना द्या.

आपल्या भागातली मुले रोज नायगावहून लोकलने विद्यापीठाकडे जातात. आता विद्यापीठानेही चिंचोटीकडे यावे. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मागितले ते हेच होते. त्या मागणीची सुरुवात पदवीधर नोंदणीच्या एका अर्जाने करता येईल.