बर्मिंगहॅमचं नाव, पीथमपूरची गाडी

इंदूरच्या परदेशीपुऱ्याभोवती कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते, त्या काळात बर्मिंगहॅमची बीएसए कंपनी बंदुकांबरोबर मोटरसायकलीही घडवत होती. कंपनी १८६१ची, पहिली मोटरसायकल १९१०ची.

१९३७मध्ये वॉल हँडली याने ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर बीएसएच्या ‘एम्पायर स्टार’वर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने फेरी मारली. त्याबद्दल त्याला सोनेरी तारा मिळाला आणि त्यावरूनच पुढच्या मॉडेलचं नाव पडलं, ‘गोल्ड स्टार’. लिलावात आज तिच्यावर बोली चढते, म्हणून साध्या बीएसएच्या सांगाड्यात गोल्ड स्टारचं इंजिन बसवून विकणारेही निघाले. गंमत म्हणजे अस्सल गाडीतही इंजिन आणि सांगाड्याचे क्रमांक जुळत नाहीत. कारखान्याच्या पाठवणीच्या नोंदींत ती जोडी सापडावी लागते.

इंदूरच्या त्या गिरण्यांपैकी हुकुमचंद मिल १९९१मध्ये बंद पडली. बीएसए त्याआधीच, सत्तरच्या दशकात बुडाली होती. २०१६मध्ये महिंद्रांच्या ‘क्लासिक लेजंड्स’ने ते नाव विकत घेतलं. नवी गोल्ड स्टार इंदूरजवळच्या पीथमपुरात तयार होते आणि १५ ऑगस्ट २०२४ रोजी ती भारतात विक्रीला आली. जुनीवर बोली लावणार असाल, तर चकाकी नंतर पाहा. आधी क्रमांक तपासा.