केसांचे घर

जेरुसलेममधील ‘अमेरिकन कॉलनी’ या ख्रिस्ती वसाहतीच्या छायाचित्र विभागाने विसाव्या शतकाच्या आरंभी बेदुइन छावण्यांची अनेक छायाचित्रे टिपली. त्यांत नजरेत भरते ते पांढरेफटक आकाश. त्या काळच्या सर्वसाधारण काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असत. त्यामुळे निळे आकाश कागदावर पांढरे उतरे आणि तांबडा रंग काळवंडत असे.

तंबूंचा काळेपणा मात्र खरा. बेदुइन आपल्या तंबूला ‘बैत अश्शअर’, म्हणजे केसांचे घर, म्हणतात. शेळीच्या काळ्या केसांचे सूत काढून स्त्रिया जमिनीवर आडव्या मांडलेल्या मागावर लांब पट्टे विणतात आणि ते एकमेकांना शिवून छत तयार होते. पावसात सूत फुगून वीण घट्ट होते, कोरड्या हवेत ती सैल होऊन वारा आत खेळतो. मधोमध विणलेला पडदा. एका बाजूस पुरुषांची बैठक आणि कॉफीची चूल, दुसऱ्या बाजूस स्वयंपाक, अंथरुणे, मुले. छायाचित्रकाराचे स्वागत अर्थातच पहिल्या बाजूस होई. ज्यांनी घर विणले, त्या बहुधा पडद्याआडच राहत.

जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या १८९८ मधील जेरुसलेम भेटीच्या सुमारास हा विभाग आकारास आला. त्याच्या आद्य छायाचित्रकारांपैकी एलिजा मेयर्स हे मूळचे भारतातील ज्यू होते, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. चित्रांचे ग्राहक मुख्यतः यात्रेकरू आणि पर्यटक. त्यांना या तंबूंत बायबलमधला अब्राहम दिसावा, अशीच त्यांची मांडणी पुष्कळदा असे. हे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. पण तत्कालीन उस्मानी राज्यात कर, चराई आणि पाण्यासाठी झगडणारा माणूस या मांडणीत हरवतो, हेही खरे.

विभागातील छायाचित्रकार एरिक मॅटसन १९४६ मध्ये अमेरिकेस गेले. त्यांनी हा संग्रह १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिला. संख्या वीस हजारांहून अधिक. दरम्यान पहिल्या महायुद्धानंतर आखलेल्या सीमांनी स्थलांतराच्या वाटा तोडल्या आणि बहुसंख्य बेदुइन स्थायिक झाले. जॉर्डनमधील पेत्रा व वादी रम येथील त्यांच्या संस्कृतीस युनेस्कोने २००५ मध्ये मान्यता दिली.

मूळ काचेवरून केलेल्या प्रती आता संगणकावर मोठ्या करून पाहता येतात. छताच्या शिवणीही दिसतात. चित्राखाली मात्र बऱ्याचदा एवढेच लिहिलेले असते : ‘बेदुइन छावणी’.